बाबांच्या ऑक्सिजनची वही

वहीचं पहिलं पान ११ एप्रिल २०२१ चं आहे, कोविडच्या दुसऱ्या लाटेतलं. सकाळी ८ ला ९६, दुपारी १२ ला ९६, ४ ला ९५, रात्री ९ ला ९५, ताप १०१. मी सातवीला शिकवते, वर्षभर मुलं शाळेत जवळजवळ आलीच नव्हती म्हणून कपाटात कोऱ्या वह्या पडल्या होत्या, त्यातली एक काढली. मागच्या पानापासून फोन नंबर लिहायला घेतले. पुढून बाबांचा ऑक्सिजन आणि मागून हॉस्पिटलं, औषधांची दुकानं, अँब्युलन्सवाले, हेल्पलाईनी. आठवडा व्हायच्या आत मागची पानं पुढच्या पानांपेक्षा जास्त भरली.

आम्ही नागपुरात मानेवाड्याकडे राहतो. बाबा तेव्हा ६७ चे, एसटीत मेकॅनिक होते, पंधरा वर्षांपासून शुगर आहे. मार्चमध्ये ६० वर्षांवरच्यांना लस सुरू झाली तेव्हा मी त्यांना कोविशिल्डचा पहिला डोस देऊन आणला होता आणि आपण आता थोडे सुटलो असं मनातल्या मनात धरून बसले होते. नागपुरात १५ मार्चपासून लॉकडाऊन लागलाच होता, मग एप्रिलमध्ये राज्याचे निर्बंध आले, तरी आकडे वाढूनच राहिले होते. ९ एप्रिलला शुक्रवारी बाबांना कणकण आली आणि त्याच रात्री नागपूरजवळच्या वाडीच्या एका कोविड हॉस्पिटलात आग लागून पेशंट गेल्याची बातमी आली. आईने ती बातमी ऐकून टीव्हीच बंद केला आणि म्हणाली, "काही झालं तरी याइले हॉस्पिटलात नाही टाकाचं." हे वाक्य पुढे पाच दिवस आमच्या घरात फिरत राहिलं, आणि खरं सांगायचं तर मलाही ते पटत होतं, म्हणून मी उशीर केला.

शनिवारी टेस्टला गेलो, चार तास रांग, उन्हात. रिपोर्ट आला मंगळवारी, १३ तारखेला, गुढीपाडव्याला. आईने गुढी उभारली होती, साखरेची गाठी लावली होती आणि माझ्या फोनवर मेसेज आला पॉझिटिव्ह म्हणून. मी आईला गुढी उतरेपर्यंत सांगितलं नाही. हे बरोबर केलं की नाही मला अजून कळत नाही, तोपर्यंत ती बाबांच्या खोलीत दोनदा जाऊन आली होती.

आमच्या फॅमिली डॉक्टरांनी फोनवर सगळं नीट सांगितलं. ऑक्सिजन ९४ च्या खाली गेला की त्यांना कळवायचं. बोट गार असेल तर ऑक्सिमीटरचं रीडिंग चुकतं म्हणून आधी हात चोळायचा. आणि सहा मिनिटं घरातल्या घरात चालायला लावून परत मोजायचं, चालल्यावर आकडा तीनच्या वर पडला तर छातीत काहीतरी सुरू झालंय असं समजायचं, बसल्या बसल्या चांगला दिसला तरी. बाबा बसून ९५ आणि चालून ९१ यायचे. बाबा म्हणायचे, "मले काही नाही झालं, तुह्या त्या चिमट्याची बॅटरी गेली." मी बॅटरी बदलली. आकडा तोच.

तिथेच मला पहिल्यांदा खूप एकटं वाटलं. कारण त्याच्या आदल्या वर्षी, सप्टेंबर २०२० मध्ये, 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' मोहिमेत आशाताई, म्हणजे वस्तीतली सरकारी आरोग्य स्वयंसेविका, आणि तिच्यासोबत एक मुलगा आमच्या दारात ऑक्सिमीटर घेऊन आले होते, घरातल्या सगळ्यांचं ताप आणि ऑक्सिजन मोजून, बाबांना शुगर आहे हे लिहून घेऊन गेले होते. तेव्हा घरात कोणी आजारी नव्हतं. आता घरात पेशंट होता, कुठल्यातरी कागदावर या घरात शुगरचा म्हातारा माणूस आहे हे लिहिलेलं होतं आणि दारात कोणी येत नव्हतं. मी आशाताईंना दोष देत नाही, त्या बाईंना मी नंतर फोन केला तर त्यांच्या घरी चौघं पॉझिटिव्ह होते आणि तरी त्या लसीकरण केंद्रावर ड्युटी करून राहिल्या होत्या, इतक्याशा मानधनात. पण ती यादी बनवली कशासाठी होती हा प्रश्न मला आजही पडतो. सात महिने वेळ होता. शुगरवाले, बीपीवाले, साठीच्या वरचे कुठे राहतात हे माहीत होतं. रिपोर्ट पॉझिटिव्ह आला की त्या यादीतल्या घरी एक फोन, एवढं जरी झालं असतं तरी मी १४ तारखेलाच हलले असते.

१५ ला छातीचा सीटी स्कॅन काढला. या स्कॅनचा (एचआरसीटी) रेट सरकारने मशीनप्रमाणे दोन ते तीन हजार असा बांधून दिला होता, आमच्याकडून अडीच घेतले. स्कोअर, म्हणजे फुफ्फुस किती बिघडलं त्याचा आकडा, २५ पैकी १३. डॉक्टर म्हणाले, आता घरी ठेवू नका, स्टेरॉईड सुरू करावे लागतील आणि शुगरवर कोणीतरी चोवीस तास लक्ष ठेवायला पाहिजे. संध्याकाळी सात वाजता ९१, रात्री साडेदहाला ८८.

त्या रात्रीचं मागचं पान माझ्यासमोर आहे. ४३ नंबर आहेत. प्रत्येकापुढे मी एक शब्द लिहिलाय. "नाही", "नाही", "उचलला नाही", "सकाळी करा", "व्हेंटिलेटर नाही, साधा आहे पण ऑक्सिजन नाही", "नाही". बेडच्या वेबसाईटवर एका हॉस्पिटलात नऊ बेड रिकामे दिसत होते, फोन केला तर तिथला माणूस म्हणाला ताई तो आकडा दुपारचा आहे. दुपारचा पण नसेल. मी रिफ्रेश करत राहिले, नऊ ते नऊच राहिले. एखाद्याने मला नाही म्हटलं त्याचं वाईट वाटलं नाही, त्या नऊ बेडचा राग आला, कारण त्या आकड्यामुळे मी पाऊण तास तिथेच अडकून बसले.

बाबांना पालथं झोपवलं होतं, छातीखाली आणि पोटाखाली उशा. तसं झोपवलं की ८८ चे ९१ व्हायचे. आई त्यांच्या पायाशी बसून होती, दर दहा मिनिटांनी विचारायची, "काऊन वं, किती दाखवून राह्यलं?"

रात्री दोन वाजता एका हेल्पलाईनवर एका माणसाने फोन उचलला. आवाज बसलेला. मी सगळं सांगितलं, वय, शुगर, स्कोअर, ८८. तो थोडा थांबला आणि म्हणाला, "ताई, खोटं नाही सांगत. माझ्याकडे या घडीला ऑक्सिजनचा एकही बेड नाही. नाव लिहून घेतो, पण माझ्या फोनची वाट पाहत बसू नका. अमरावतीला विचारा, गाडीची सोय असेल तर निघा. तोवर पालथंच ठेवा." मी त्या माणसाचं नाव विचारलं नाही. त्या रात्री मला मिळालेलं सगळ्यात कामाचं उत्तर ते होतं. बाकी सगळे "बघतो", "करतो", "साहेबांशी बोलतो" म्हणत होते आणि त्या प्रत्येक "बघतो" पायी मी वीस-वीस मिनिटं थांबले होते. त्याने "नाही" म्हटलं आणि मी थांबणं सोडलं.

पहाटे चारला भावाचा पुण्याहून फोन आला, त्याच्या कॉलेजच्या ग्रुपवरून शहराच्या दुसऱ्या टोकाच्या एका छोट्या हॉस्पिटलात एक बेड कळला होता. एक लाख डिपॉझिट, कॅश, आणि एक तासात पोचायचं. ऑनलाईन चालणार नाही म्हणाले. घरात वीस हजार होते, एटीएममधून एका कार्डावर वीस निघाले, दुसऱ्यावर वीस. उरलेले चाळीस शेजारच्या काकाजींनी दिले. मी दारात उभी राहून रडून राहिले होते ते त्यांना भिंतीपलीकडून ऐकू गेलं असणार, ते बनियनवर बाहेर आले, काय झालं विचारलं, आत गेले आणि बँकेचं पाकीट घेऊन आले. कंपाउंडच्या भिंतीवर ठेवलं, दोन पावलं मागे सरकले आणि म्हणाले, "मोजू नको, निघ. ऑटोवाल्याले मी फोन करतो." ते पैसे काकूंच्या डोळ्याच्या ऑपरेशनसाठी काढून ठेवलेले होते हे मला नंतर कळलं.

चौकात बॅरिकेड होतं, १४४ लागलेलं. पोलिसाने टॉर्च मारला, बाबांचा चेहरा पाहिला आणि काही न विचारता बॅरिकेड स्वतः ओढून बाजूला केलं.

१६ तारखेला सकाळी सहाला बाबा बेडवर होते, मास्क लावल्यावर ९४. मी हॉस्पिटलच्या समोर फुटपाथवर बसले आणि तिथेच झोप लागली.

पुढचे तीन दिवस रेमडेसिव्हिर इंजेक्शनचे. चिठ्ठी दिली, सहा वायल (इंजेक्शनच्या कुप्या) आणा. त्या चिठ्ठीमागे मी धंतोली, रामदासपेठ, मेडिकल चौक सगळं पालथं घातलं, भर उन्हात, डोक्याला दुपट्टा बांधून स्कूटीवर. एकाने व्हॉट्सॲपवर एका वायलचे पंचवीस हजार सांगितले, ज्याची किंमत त्याच आठवड्यात केंद्र सरकारने कमी करून साडेतीन हजारांच्या आत आणली होती. भाऊ म्हणाला घेऊन टाक. मी घेणारही होते, तेवढ्यात त्याने फोटो पाठवला आणि लेबलवरची अक्षरं मला विचित्र वाटली, म्हणून नाही घेतली. १९ ला हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठाने रात्री आठपर्यंत नागपूरला १०,००० वायल द्या असा आदेश राज्य सरकारला दिला. ती बातमी हॉस्पिटलबाहेर उभ्या असलेल्या आम्ही सगळ्यांनी एकाच मोबाईलवर वाचली, कोणीतरी मोठ्याने वाचून दाखवली. न्यायाधीशांना घड्याळ लावून औषध मागावं लागतं यात आनंद मानावा की भीती वाटून घ्यावी ते कळत नव्हतं. मग वाटप जिल्हाधिकारी कार्यालयातून हॉस्पिटलप्रमाणे व्हायला लागलं आणि बाबांना चार वायल मिळाल्या.

आता सांगते ते मला खूप नंतर कळलं. जागतिक आरोग्य संघटनेने नोव्हेंबर २०२० मध्येच भरती असलेल्या पेशंटना रेमडेसिव्हिर देऊ नका असा सल्ला दिला होता, त्याने जीव वाचतो असा पुरावा नाही म्हणून. ऑक्सिजनवरच्या पेशंटचा जीव वाचवायला उपयोगी ठरलं ते साधं, स्वस्त डेक्सामेथासोन नावाचं स्टेरॉईड, आणि ते बाबांना पहिल्या दिवसापासून मिळत होतं. कोणी, अगदी कोणीही, रोज संध्याकाळी टीव्हीवर येणाऱ्या एका तरी माणसाने हे आमच्या भाषेत स्पष्ट सांगितलं असतं ना, तर किती लोकांचे दागिने वाचले असते. माझ्यासोबत तिथे एक मुलगा होता भंडाऱ्याकडचा, त्याने मोटरसायकल विकली दोन वायलसाठी.

खरी भीती ऑक्सिजनची होती. २१ ला हॉस्पिटलवाल्यांनी नातेवाईकांना बोलावून सांगितलं की उद्या दुपारपर्यंतचा साठा आहे, पुढचं माहीत नाही. रात्रभर आम्ही गेटजवळ, टँकर आला का, सिलेंडरची गाडी आली का, रस्त्यावर कुठलाही ट्रक वळला की सगळे उभे राहायचे. गाडी दुसऱ्या दिवशी अकराला आली. २३ ला रात्री आठच्या सुमारास विशाखापट्टणमहून पहिली ऑक्सिजन एक्सप्रेस नागपूर स्टेशनला लागली, सात टँकर होते, तीन इथे उतरवले, चार नाशिकला गेले. त्या तीनमधला थेंब बाबांपर्यंत आला की नाही मला माहीत नाही, पण आई घरी देवासमोर बसली आणि पहिल्यांदा पोटभर जेवली.

त्या रात्री मी फोन सायलेंटवर टाकून झोपले. सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी काकाजींचा मेसेज आलेला होता, एक पीडीएफ आणि खाली, "हे काय लिहिलं आहे बघ बेटा. सीटी व्हॅल्यू म्हणजे का? घाई नाही." (हा सीटी स्कॅन नाही, कोविड टेस्टमधला विषाणूचा अंदाज देणारा आकडा.) मी लिहिलं, "काकाजी फोन करते." आणि हॉस्पिटलला गेले. फोन केला नाही. बाबांची शुगर स्टेरॉईडने ३८० झाली होती, इन्सुलिन आणायचं होतं, मग डॉक्टर भेटले, मग बिलाचं. मी विसरले. दुसऱ्या दिवशी बाबांना सुट्टी झाली, २५ ला, आणि आम्ही ऑटोतून उतरलो तेव्हा काकाजींच्या दाराला कुलूप होतं. त्यांना आदल्या रात्रीच सरकारी हॉस्पिटलात नेलं होतं.

बिलाबद्दल लिहायलाच पाहिजे कारण हे बऱ्याच लोकांना माहीत नव्हतं. राज्य सरकारने २०२० च्या मे महिन्यातच खासगी हॉस्पिटलांच्या ८० टक्के बेडचे दर ठरवून दिले होते, साधा आयसोलेशन वॉर्ड दिवसाला ४,०००, आयसीयू ७,५००, व्हेंटिलेटरसकट ९,०००. या दरात बेड, नर्सिंग, डॉक्टरांची तपासणी, जेवण धरलेलं होतं. पीपीई किट, महागडी औषधं, सीटी स्कॅन वेगळं. आमच्या बिलात नऊ दिवसांचे ३६,००० बरोबर लावले होते आणि खाली परत नर्सिंग चार्ज दिवसाला ८०० आणि डॉक्टर व्हिजिट दिवसाला दोन, हजार-हजारच्या. म्हणजे २५,२०० रुपये दुसऱ्यांदा. मी तेव्हा भरून टाकले, बाबा घरी येऊन राहिले होते, भांडायची ताकद नव्हती. पण प्रत्येक कागद ठेवला. मे मध्ये महापालिकेच्या बिल तपासणाऱ्या ऑडिटरकडे अर्ज केला, सोबत दराच्या अधिसूचनेची प्रिंट जोडली आणि त्या दोन ओळींवर पेनने गोल केला. ऑडिटर तरुण मुलगा होता, त्याच्या टेबलावर बिलांचा गठ्ठा छातीपर्यंत आलेला. त्याने माझे गोल पाहिले आणि म्हणाला, मॅडम सगळ्यांनी असं आणलं असतं तर. जूनमध्ये पूर्ण २५,२०० परत मिळाले, चेकने.

मे महिना बाबांचे डोळे आणि नाक बघण्यात गेला. म्युकरमायकोसिसचे (काळ्या बुरशीचे) पेशंट नागपुरात वाढत होते, शुगर आणि स्टेरॉईड दोन्ही आमच्याकडे होतं. रोज सकाळी टॉर्च घेऊन टाळू बघायची, गाल दाबून दुखतं का विचारायचं. बाबा गुपचूप तोंड उघडायचे, काहीच बोलायचे नाहीत. वहीत त्या महिन्यात ऑक्सिजनऐवजी शुगर आहे, दिवसातून चार वेळा.

काकाजी ३ मे ला गेले. त्या सरकारी हॉस्पिटलातल्या एक शिकाऊ डॉक्टर रोज संध्याकाळी काकूंना फोन करून तब्येत सांगायच्या, एकही दिवस चुकवला नाही, शेवटचा फोनही त्यांनीच केला आणि म्हणे बोलता बोलता रडल्या. मुलगी रायपूरला, ती पोचेपर्यंत सगळं झालं होतं, महापालिकेच्या लोकांनीच केलं. मोक्षधाम स्मशानघाटावर तेव्हा ओट्यांसाठी रांग होती. बाबांना आम्ही आठ दिवस सांगितलंच नाही.

चाळीस हजार आम्ही काकूंना जूनमध्ये दिले, त्याच बँकेच्या पाकिटात. काकूंनी ते उशीखाली ठेवले, ऑपरेशनचं नाव काढू देईनात.

मग सुप्रीम कोर्टाने ऑक्टोबरमध्ये कोविडने गेलेल्यांच्या घरच्यांना ५०,००० रुपये द्यायच्या नियमांना मान्यता दिली आणि राज्याने ऑनलाईन अर्ज सुरू केले. काकू अर्ज करायला तयार नव्हत्या. "त्याइची किंमत लावाची का आता?" बाबांनी त्यांना समजावलं, वहिनी, हा तुमचा हक्क आहे, उपकार नाही कोणाचे. डिसेंबरमध्ये मी लॅपटॉप घेऊन त्यांच्या घरी बसले. आधार होतं. बँकेचं खातं काकाजींसोबत जॉइंट, ते चाललं. मृत्यूचा दाखला होता, पण हॉस्पिटलच्या कागदावर कारण फक्त न्यूमोनिया आणि रेस्पिरेटरी फेल्युअर, कोविड हा शब्दच नाही. नियमाप्रमाणे पॉझिटिव्ह रिपोर्टपासून ३० दिवसांच्या आत मृत्यू झाला असेल तर तो कोविडचा धरत होते, कागदावर कोविड लिहिलेलं नसलं तरी. म्हणजे रिपोर्ट पाहिजे. रिपोर्ट काकूंकडे नव्हता. काकाजींच्या फोनला पॅटर्न लॉक, कोणालाच माहीत नाही. लॅबमध्ये दोनदा जाऊन आले, आठ महिन्यांपूर्वीचं शोधायला वेळ लागेल म्हणाले.

मग मला आठवलं.

मी फोन काढला, व्हॉट्सॲपवर खाली खाली जात गेले. २४ एप्रिल, ७.१०. पीडीएफ तिथेच होती, मी ती कधी उघडलीच नव्हती, डाउनलोडचा बाण तसाच. दाबला. नाव, वय ६३, पॉझिटिव्ह, सीटी व्हॅल्यू १७.

काकू बाजूला बसल्या होत्या. त्यांनी चष्मा लावून स्क्रीनवर पाहिलं, रिपोर्ट नाही, खालचा मेसेज. आणि त्याखालचं माझं उत्तर. मी म्हटलं, "काकू, मी फोन केला नाही त्यांना." त्या म्हणाल्या, "माहीत आहे मले. ते सांगे, पोरगी बापाच्या मागं धावून राह्यली, तिले फोन नको करू." मग बराच वेळ कोणी बोललं नाही. मी पीडीएफ अपलोड केली, पहिल्यांदा साईझ जास्त आहे म्हणून घेतली नाही, लहान करून परत टाकली, रात्री पावणेअकराला अर्ज गेला. मंजूर व्हायला जानेवारी संपला, पैसे खात्यात आले, फेब्रुवारीत काकूंच्या उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, बाबा सोबत गेले होते.

पण त्या रात्री, मी लॅपटॉप बंद करून उठले तेव्हा काकूंनी मला थांबवलं आणि विचारलं, ते मेसेज माझ्या फोनवर पाठवता येतात का गं. मी म्हटलं कोणते, तो रिपोर्ट? "सगळे," त्या म्हणाल्या, "आधीचे बी." आधीचे म्हणजे सुप्रभातचे फुलांचे फोटो, गॅस सिलेंडर आला का, तुमच्याकडे पाणी येऊन राह्यलं का, बाबांची तब्येत कशी आहे. मी तिथेच त्यांच्या पलंगावर बसून एकेक सिलेक्ट करत गेले.